ताबावही

सोमवार, ४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक गादी, एक कुकर आणि मी, सगळे धडधाकट. खोली सायकलींच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. नळ शिट्टी वाजवतो, दार खालून लाथ मारल्याशिवाय लागत नाही, पण पूर्वेला खिडकी आहे आणि खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. घरमालकीण म्हणाली, मुलांच्या कलकलाटाचा त्रास होईल. मी म्हटलं, बाई, त्या कलकलाटासाठीच तर ही खोली घेतली.

तीन महिने उमेदवारीचे. ते पार पडले की भिंगरीला इकडे आणायचं आणि त्या शाळेत घालायचं, हे आईशी ठरलंय. भिंगरी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सात. एका जागी बसलेली दिसली तर ताप आलाय समजावं, म्हणून हे नाव. तोवर ती आजीपाशी. दुपारी दीडला ती शाळेतून येते, तेव्हा मी रोज फोन करायचा, असा आमचा करार आहे. निघताना ती रडली नाही, मीच रडले. आई म्हणाली, "नोकरीला चाललीस की लढाईला?"

भिंगरीच्या खाटेसाठी भिंतीलगतची जागा वितीने मोजली. आठ विती भरली. पुरेल.

ही वही कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली. दिवसभर पडद्यासमोर बसायचं, तर निदान एक गोष्ट अशी असावी जिला पासवर्ड लागत नाही. रोज लिहायचं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

ऑफिस गोदामांच्या रांगेत अगदी शेवटी आहे. आत एक लांबलचक हॉल आणि समोरासमोर लावलेली टेबलं. इथे सगळं काम जोडीने चालतं, एकटं कुणी नाही. माझी जोडीदारीण पन्नाशीची, नीटनेटकी, केस चापूनचोपून बसवलेली. नाव विचारलं तर म्हणाली, नावाचं काय करायचंय, बसायचंय तर समोरच. मग मीही तिचं नाव 'समोरची' ठेवून टाकलं. ती मला 'नवी' म्हणते. फिट्टंफाट.

साहेब मान वर न करता बोलतात. मी नमस्कार केला, त्यांनी टेबलाला 'हं' म्हटलं आणि एक कार्ड पुढे सरकवलं. नंबर ४१७. बाकीच्यांनी तर 'हं'सुद्धा केलं नाही. सोळा माणसं हॉलमध्ये, पण कुणाला तोंड उघडायला सांगितलं की दात उपटायला आल्यासारखं बघतात.

काम मात्र माझ्या आवडीचं. मोठ्या दवाखान्यांचे एक्स-रे आणि तपासण्यांचे अहवाल आम्ही सांभाळतो. काचेच्या भिंतीपलीकडे मशीनरूम आहे. तिथे माणसाएवढं कपाट, कपाटात खच्चून डिस्क, आणि डिस्कवर हुकूम चालवणारे दोन कंट्रोलर, डावा नि उजवा. दोघांनाही एकमेकांचं काम येतं. एकाला काही झालं तर दुसरा त्याचा ताबा घेतो: काम घेतो, अर्धवट राहिलेली वाक्यंसुद्धा घेतो, आणि मुख्य म्हणजे पत्ता घेतो. बाहेरून विचारणाऱ्या डॉक्टरला पत्ता तोच दिसतो, उत्तर कोण देतंय हे त्याला कळतसुद्धा नाही. हे आईला फोनवर समजावलं, तर ती म्हणाली, मग नवऱ्यांची अशी जोडी का नाही काढत कुणी. माझा गेला त्याला चार वर्षं झाली, पण तिची जीभ काही बोथट होत नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

इथे ताबावही नावाचं एक प्रकरण आहे. प्रत्येकाला एक काळी जाड वही मिळते. आपलं सगळं काम तीत लिहायचं: कुठला पासवर्ड कशाचा, कुठली केबल कुठे जाते, कुठला डॉक्टर कशावर चिडतो. जोडीदार ते पान एकदा मोठ्याने वाचतो, खाली बरोबरची खूण करतो आणि वही आपल्या खणात ठेवतो. मग ते पान त्याचं. उद्या मी आजारी पडले तर समोरचीने डोळे मिटून माझं काम करावं, हा हेतू.

समोरची म्हणाली, एकदा लिहिलं की डोक्यात ठेवायचं नाही. एकच गोष्ट दोन डोक्यांत राहिली की घोटाळे होतात. मला पटलं. तशी मी लिहिण्यात पटाईत. मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख घालते म्हणून आई हसते. दोन दिवसांत बावीस पानं लिहिली. समोरचीने परीक्षकासारखी पानं उलटली आणि म्हणाली, अक्षर बरं आहे. आल्यापासून ऐकलेलं पहिलं चांगलं वाक्य.

दीड वाजता फोन घेऊन उठले की सोळाच्या सोळा माना वर होतात. बोलत कुणी नाही. नुसत्या बघतात.

सोमवार, ११ फेब्रुवारी

डावा कंट्रोलर बिघडायला लागलाय. मेमरीची एक पट्टी दगा देते. कंपनीचा माणूस नवी पट्टी घेऊन मार्चच्या पहिल्या आठवड्यात येणार, आणि तोवरची पूर्वतयारी साहेबांनी माझ्याकडे दिली. नवीला एवढं काम! खूश आहे मी.

पूर्वतयारीचा छापील कागद आहे. वरती रिकामी जागा: आजारी कोण, ते लिहायचं. खाली: खराब भाग कोणता. मग एकेक पायरी. आधी बोंब बंद करायची. म्हणजे असं की यंत्राला जरा काही झालं की ते आपण होऊन कंपनीला तक्रारीचं पत्र धाडतं. तेव्हा आपणच आधी निरोप द्यायचा की देखभाल चालू आहे, काही निराळं दिसलं तरी तक्रार नोंदवू नका. दुसरी पायरी, आपोआप परत येणं बंद करायचं. आजारी कंट्रोलर जरा शुद्धीवर आला की आपलं काम परत मागायला लागतो, आणि तो अर्धा बरा असताना काम मागू लागला तर सगळ्यांचं नुकसान. त्यानंतर कुलपांच्या किल्ल्या दुसऱ्याकडे पोचल्या का ते पाहायचं. मग ताबा. मग आजाऱ्याला खाली उतरवायचं.

शेवटची पायरी मला नेहमी विचित्र वाटते. खाली उतरवलेला कंट्रोलर बंद नसतो. जागा असतो, दिवा लागलेला असतो. पण त्याला काही माहीत नसतं. विचारलं तर फक्त आपला नंबर सांगतो.

बुधवार, १३ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. टेबलाकडे बघत म्हणाले की रोज दीड ते एक एक्केचाळीस माझी खुर्ची रिकामी असते. अकरा मिनिटं. मी म्हटलं, ती माझ्या जेवणाच्या सुट्टीतली आहेत. म्हणाले, जेवणाबद्दल तक्रार नाही, डबा खाताना माणूस खुर्चीत असतो. अकरा मिनिटं तुम्ही नसता.

म्हणे नसता! माझी मुलगी आहे, तिच्याशी बोलते मी. हे मी म्हटलंसुद्धा, आवाज चढवून म्हटलं. त्यांनी पेन्सिलीने कुठेतरी काहीतरी टिपलं. बाहेर आले तर समोरची शांतपणे म्हणाली की सगळ्यांचंच आधी असं होतं. मला तिच्या अंगावर पाणी फेकावंसं वाटलं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आज मशीनरूममध्ये डाव्या कंट्रोलरच्या केबलींना चिठ्ठ्या लावत होते. नवी पट्टी बसवताना सगळ्या उपसाव्या लागतात, तेव्हा कुठली कुठे हे आधीच लिहिलेलं बरं. दोन्ही हात गुंतलेले, आणि घड्याळात एक अठ्ठावीस. मोबाइल आत न्यायची बंदी, तो टेबलावर. भिंतीवर एक फोन आहे, तो बाहेरच्या टेबलापुरताच लागतो. तो उचलला, तर समोरचीचा आवाज आला, "मी घेते."

मी म्हटलं, घ्या, माझ्या मोबाइलवरून घरी लावा, दहा मिनिटं सांभाळा, सांगा आई कामात आहे. मनात म्हटलं, वा, याला म्हणतात जोडी. कुठे खंड नाही.

संध्याकाळी आईचा फोन. म्हणाली, दुपारी तुझा घसा बसला होता का गं, जरा निराळा वाटला. मी म्हटलं, अगं, ती मी नव्हतेच, माझी जोडीदारीण होती. आई हसायला लागली. म्हणाली, माझ्याशी तूच तर बोललीस, वाटाण्यांच्या सालीवरून आपण दोघी किती हसलो. आणि भिंगरी मात्र रुसून बसलीय, कारण फोन ठेवताना आपलं नेहमीचं म्हटलं नाहीस.

सोमवार, १८ फेब्रुवारी

रागावले खरी समोरचीवर. पण ती म्हणाली, मी काय करू, वहीत नव्हतं. आणि मला लागलं ते. खरंच नव्हतं. ताबा अर्धवट दिला की असंच व्हायचं, दोष घेणाऱ्याचा नसतो, देणाऱ्याचा असतो. हे मी आधीच्या नोकरीतही इतरांना वर्षानुवर्षं सुनावत आलेय. परत कधी मी अडकले तर पोरगी रुसून बसणार, त्यापेक्षा लिहून टाकावं.

काल रविवारी बसून सहा पानं लिहिली. कुठला दात हलतोय. कुठल्या मैत्रिणीशी कट्टी आहे नि का. दुधाला नाही म्हणाली तर काय सांगायचं, फोन ठेवताना दोघींनी काय म्हणायचं, ती कशाला घाबरते आणि घाबरली की तिला काय सांगितलं म्हणजे झोपते. आईच्या घराचा पत्ताही लिहिला, अडीअडचणीला असावा. आज सकाळी वही दिली. समोरचीने पहिलं पान वाचायला घेतलं. एरवी ती बातम्या वाचल्यासारखी वाचते. आज हळू वाचत होती, ओठ पुसत पुसत. म्हणाली, एका दिवसात नको, सावकाश एकेक पान घेऊ.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

पासवर्ड आठवत नाहीत. एकही नाही. चाळिशी जवळ आली, म्हटलं होतं स्वतःशी. पण आज भिंगरीला विचारायला गेले, दात पडला का गं, आणि कुठला ते आठवेना. वरचा की खालचा. ती म्हणाली, आई, तू कालच तर सांगितलंस, उजवीकडचा, जिभेने हलवू नकोस म्हणून.

काल मी फोन केला नव्हता. काल साहेबांनी दीडला मला आत बोलावून बसवून ठेवलं होतं.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

मी फोन केला तर एंगेज. पुन्हा केला, एंगेज. मान वर केली. समोरची तोंडावर हात धरून तिच्या टेबलावरच्या फोनवर बोलत होती आणि खांदे हलत होते. हसत होती. मी जाऊन फोन ओढला. तिने सोडला, सहज सोडला. कानाला लावला तर आई बोलत होती. मी म्हटलं, आई, ही मी. ती म्हणाली, हो गं, माहीत आहे, किती वेळा सांगशील.

मी म्हटलं, आई, नीट ऐक, इथे काहीतरी भयंकर चाललंय. ती म्हणाली की तुझा निरोप आला होता ना, महिनाभर कामाचा ताण आहे, मी काही निराळं बोलले तर मनावर घेऊ नकोस, कुणाला विचारत बसू नकोस म्हणून. तेव्हा काळजी नको. मग म्हणाली, "एक सांगू? हल्ली तुझ्याशी बोलून फार बरं वाटतं. पूर्वी किती घाईत असायचीस."

मी असा निरोप दिलेला नाही. मी कुठलाच निरोप दिला नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

साहेब खोलीत नव्हते. पूर्वतयारीचा कागद पुढच्या सहीसाठी ठेवायला गेले, तर ट्रेमध्ये अगदी तसाच दुसरा कागद होता. आजारी कोण: ४१७. खराब भाग: दुपारची अकरा मिनिटं. बोंब बंद, बरोबरची खूण. तारीख मी डाव्याची बोंब बंद केली त्याच दिवसाची. डाव्या कंट्रोलरसाठी मी जे जे केलं, ते ते कुणीतरी माझ्यासाठी केलंय. खाली जोडीदाराच्या सहीच्या जागी समोरचीचं गोल, स्वच्छ अक्षर.

मी कागद तिच्यापुढे आपटला. ती घाबरली नाही. खुर्ची मागे सरकवून बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, तिचं स्वतःचं असं कुणी नाही. माझ्याआधी तिच्यासमोर तिघी बसून गेल्या, त्या तिघींची घरं आता ती सांभाळते. एकीची सासू, एकीचे जुळे, एकीचा आंधळा भाऊ. सगळ्यांना वेळच्या वेळी फोन जातो. कुणाची तक्रार नाही. मी विचारलं, आणि त्या तिघी? ती म्हणाली, "त्या आहेत ना. कामात आहेत. पोरीला आई लागते, नवी. ती तू असायला हवीस असं कुठे आहे?"

मी तिला मारायला हात उचलला. सोळा माणसं उभी राहिली. एकही जण पुढे आला नाही, पण सगळे उभे राहिले.

बोट दिलं तर हात धरला म्हणतात. मी तर स्वतः सहा पानं लिहून दिली, सुवाच्य अक्षरात.

दुपारी पोस्टात गेले. आईला पत्र लिहिलं, कागदावर, हाताने. पत्ता अजून आठवतो तोवर. फोनवर विश्वास ठेवू नकोस, भिंगरीला घेऊन ऑफिसात ये, मला इथून ने. पेटीत टाकलं तेव्हा जरा श्वास आला.

यापुढे जे आठवतंय ते इथेच लिहिणार. ही वही तिच्या खणात जाणार नाही. भिंगरी. सात वर्षं. दुसरीत. डाव्या हाताने जेवते. कपाळावर पाळण्याची खूण. धावताना ओठ बाहेर काढते.

बुधवार, २७ फेब्रुवारी

पळायचं ठरवलं. नोकरी गेली खड्ड्यात. खोलीवरून बॅग घ्यायला गेले तर किल्ली लागेना. घरमालकीण वरून वाकली. म्हणाली, कोण हवंय? मी म्हटलं, मी राहते इथे. तिने आपलं दार लोटलं तेवढ्यात माझ्या बंद खोलीतून तिला कुणीतरी हाक मारली. माझ्या नळाची शिट्टी वाजत होती.

बॅग नको म्हटलं. तशीच स्टँडवर. तिकिटाच्या खिडकीपाशी रांग. माझी पाळी. त्याने विचारलं, कुठलं तिकीट.

कुठलं.

मी तिथे उभी राहिले. मागची माणसं चिडली. एकाने ढकललं. पत्त्याचं पान आज वाचलं तिने. आजच. गावाचं नाव तोंडाशी येतं आणि

बाकावर बसून ही वही पहिल्या पानापासून वाचली. गावाचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. आपल्या गावाचं नाव कोण लिहितं रोजनिशीत.

शुक्रवार, १ मार्च

पुन्हा ऑफिसात. दुसरीकडे कुठे जाणार, पत्रात इथलाच पत्ता दिलाय. आई आली तर इथे येईल. मी इथे असायला हवं.

समोरची नव्हती तेव्हा तिचा खण उचकटला. ताबावह्यांचा गठ्ठा. वरची माझी. उघडली — अक्षर माझं, निळी शाई, ओळी दिसतात. वाचता येत नाही. एकेक अक्षर दिसतं, शब्द होत नाही. खालची खूण मात्र वाचता येते.

साहेब दारात होते. ओरडले नाहीत. टेबलाला बोलल्यासारखे म्हणाले, परत मागायचं नसतं. ते बंद केलंय.

सोमवार, ४ मार्च

कंपनीचा माणूस पट्टी घेऊन आला. डावा खाली उतरवला. मीच उतरवला, हात आपोआप चालले. विचारलं, त्याने नंबर सांगितला.

कुणी माझं नाव विचारलं तर ४१७ येतं तोंडात. आधी ४१७, मग थांबून आठवावं लागतं. आज आठवलं. दोनदा नाही आठवलं.

मशीनरूमच्या मागच्या भिंतीशी तीन बायका बसलेल्या असतात. मला वाटायचं सफाईच्या आहेत. एकीला विचारलं, बाई, तुम्ही कोण. तिने नंबर सांगितला. चेहरा शांत. मी बाहेर पळाले.

पत्र पोचलं असेल का. पोचलंच असेल. कागद आहे तो —

बुधवार, ६ मार्च

चार पानं वाचून झाली तिची. पाचवं आज.

भिंगरी. सात. डाव्या हाताने जेवते — हे वरती वाचून लिहितेय. डोळे मिटले की चेहरा येत नाही. आवाज येतो. मग आवाजही समोरचीचा.

रडू येत नाही याचीच भीती वाटते.

गुरुवार, ७ मार्च

आल्या. दोघी आल्या. पत्र पोचलं.

पण मी आत आहे. मशीनरूममध्ये. सकाळी साहेबांनी केबल बघायला पाठवलं, दार लागलं, कार्ड आतून चालत नाही. किल्ल्यांची पायरी. विसरले होते.

काचेतून दिसलं. आई आली, इकडेतिकडे पाहिलं, समोरची उठली, आणि आई तिच्या गळ्यात पडली. तोंडावरून हात फिरवला. वाळलीस गं, ओठांवरून कळलं. मी काच बडवली. आईने पाहिलं. वेड्या बाईकडे पाहतात तसं. मग सगळी साहेबांच्या खोलीत गेली, चहाला.

भिंगरी नाही गेली.

काचेपाशी आली. नाक टेकवलं. कपाळावर खूण आहे. मी भिंतीवरचा फोन उचलला, तिला टेबलावरचा दाखवला. तिने घेतला. म्हटलं, भिंगरे, मी आई. ती साहेबांच्या खोलीतली नाही. मी.

तिने काचेवरची वाफ पुसली. म्हणाली, "आवाज आईचा नाहीये." म्हटलं, माहीत आहे. मग म्हणाली, "पण ती सगळं बरोबर सांगते. आई कधीच सगळं बरोबर सांगत नाही."

पोरी. माझ्या पोरी.

म्हणाली, "तू आई असशील तर एकच सांग. मी कशाला घाबरते?"

सांगते म्हटलं. तोंड उघडलं — आणि काही नाही. आत काहीच नाही. म्हटलं, थांब, जाऊ नकोस, मी वहीत बघते. ती म्हणाली, "आठव. मी थांबते."

सगळी वही उलटली. दोनदा. इथे नाही. इथे फक्त एवढंच आहे की मी ते लिहिलं. तिकडे. सहावं पान आज सकाळी वाचलं असेल तिने —

अंदाजाने सांगू? अंधार? कुत्रा? चुकले तर ती जाईल. एकदाच विचारते ती. एवढं माहीत आहे मला तिचं, एकदाच विचारते.

फोन अजून कानाशी धरलाय तिने. पाय बदलून उभी आहे. हलत नाहीये. एका जागी उभी आहे माझ्यासाठी.

साहेबांच्या खोलीचं दार उघडलं. समोरची हाक मारतेय तिला, माझ्या आवाजात. भिंगरीने मान वळवली. परत माझ्याकडे पाहिलं. थांबली.

लिहीत राहायचं. हाताने लिहिलं होतं, हाताला आठवेल. पेन अडलं होतं त्या शब्दावर, दोनदा गिरवला होता, हाताला आठवेल. ती थांबलीय अजून. भिंगरी घाबरते ती — भिंगरी घाबरते